तळघरातला लाल फडका

१

गुरुवारी, दसऱ्याच्या सकाळी, शंतनू चांदूरकर शिकागोचं काम आटोपून न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या घरी परतला. बॅग गराजमध्येच टाकून तो आधी तळघरात उतरला, कारण बायको आणि मुलीच्या खालोखाल त्याचा जीव तळघरातल्या एका खोलीत होता. दार उघडलं आणि तो जागीच उभा राहिला. खोली गप्प होती.

एरवी तिथे एका जुन्या उभ्या फ्रिजची घरघर चालू असायची. त्या फ्रिजात, स्टीलच्या पिंपात, त्याची पहिलीवहिली लागर आंबत होती. लागर म्हणजे थंडाव्यात सावकाश तयार होणारी बिअर. तिला गारवा लागतो आणि करणाऱ्याला धीर लागतो. पण आज भिंतीवरच्या पॅनेलचा मेन स्विच बंद होता, त्यावरचा एकही दिवा लागलेला नव्हता, आणि पिंपाचं तापमान दहा अंशांवरून सतरावर चढलं होतं. मागच्या अंगणात उघडणारं कोडचं दार नुसतं लोटलेलं होतं. सिंकपाशी भांडी धुवायच्या बादलीत एक फडका बुडालेला होता. शंतनूचे सगळे फडके पांढरेशुभ्र असायचे. हा लालभडक झाला होता.

थोड्याच वेळात त्याच्या मित्राचा, केदार तेंडोलकरचा फोन वाजला. केदार तेव्हा ऑफिसच्या वाटेवर, हायवेच्या गर्दीत अडकला होता.

"केदार, तू बुधवारी खाली जाऊन मेन बंद केलास?"

"कसला मेन? यार, तू कधी लँड झालास?"

"मागच्या दाराचा कोड घराबाहेर फक्त तुझ्याकडे आहे. लागर उबेत ठेव, उबेत ठेव म्हणून तूच माझ्या मागे लागला होतास. आणि तुझ्या कोकमाचा फडका माझ्या बादलीत पडलाय. निदान विचारायचं तरी होतंस बे!"

"अरे, पण मी बुधवारी—"

फोन कट झाला होता. केदारनं पुन्हा लावला. शंतनूनं उचलला नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच शुक्रवारी घरगुती ब्रूइंगच्या, म्हणजे घरी बिअर करणाऱ्यांच्या ग्रुपवर एक जाहिरात झळकली. पातेली, पिंप, पंप, पॅनेल, सगळं एकगठ्ठा विकणे आहे. संध्याकाळपर्यंत पेनसिल्व्हेनियाचा एक माणूस तयारही झाला. तो रविवारी सकाळी ट्रक घेऊन येणार होता.

२

केदारला स्वतःवरच्या आळापेक्षा त्या ट्रकची जास्त धास्ती वाटली. हे ऐकून कुणी हसेल, पण त्यानं ती खोली पाहिलेली नाही.

केदार मूळचा मालवणचा. बिअर करायची हौस त्यालाही होती. त्यानं ती आपल्या अपार्टमेंटच्या किचनमध्ये एकदाच भागवून घेतली होती. पातेलं उतू गेलं, शेगडी विझली, फायर अलार्म वाजला आणि अख्खी बिल्डिंग रात्रीच्या कपड्यांत पार्किंग लॉटमध्ये उभी राहिली. तेव्हापासून तो शंतनूच्या तळघरात चेला म्हणून रुजू झाला होता. शंतनूनं सबंध हिवाळा खपून ती खोली उभी केली होती. फरशी त्यानं स्वतः बसवली होती, पाणी आपसूक मोरीकडे जावं म्हणून किंचित उतार देऊन. वाफ बाहेर जायला चुलीवर मोठं धुराडं होतं. तीन पातेली उतरत्या क्रमानं मांडलेली. प्रत्येक पान्याला, पकडीला, नळीला भिंतीवर स्वतःची खुंटी होती, आणि खुंटीमागे त्या हत्याराची आकृती रंगवलेली, म्हणजे काय हरवलंय ते नजर टाकताच कळावं. धान्य भरडायची छोटी गिरणी तर त्यानं खोलीत ठेवलीच नव्हती. ती पलीकडे कपडे धुण्याच्या कोनाड्यात होती, दाराआड. भरडताना उडणारी पूड बिअरमध्ये पडली तर बिअर आंबट होते, म्हणून ही काळजी. इतकी निगुतीची खोली केदारनं अमेरिकेत काय, कुठेच पाहिली नव्हती. आणि आता ती मोडून ट्रकमध्ये जाणार होती.

भांडण झालं होतं ते लोण्यावरून. आदल्या रविवारी दोघांनी लागरचा घोटभर नमुना चाखला, तर तिला चक्क लोण्याचा वास येत होता. केदार म्हणाला, "दोन-तीन दिवस उबेत ठेव. यीस्टच ते लोणी खाऊन टाकतं. सगळे ब्रूअर करतात. त्याला रेस्ट म्हणतात." शंतनूला ते पटलं नाही. लागर एकदा गार केली की गारच राहिली पाहिजे, ही त्याची श्रद्धा, आणि नागपूरकराची श्रद्धा हलवणं मालवणी माणसाला झेपत नाही. शब्दाला शब्द वाढला. त्यानंतर चार दिवसांत लागर उबेत सापडली. आळ दुसऱ्या कुणावर येणार?

शनिवारी सकाळी केदारनं शोभनाकाकूंची बेल वाजवली.

शोभना गुप्ते पार्सिपनीत आल्या तेव्हा भेंडी मिळवायला जर्सी सिटीपर्यंत जावं लागायचं. सगळी नोकरी त्यांनी कापडाचे रंग करणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये केली. आता रिटायर होऊन त्या बाग करत आणि गावातल्या निम्म्या मराठी घरांच्या भानगडी निस्तरत. मंडळाच्या भोंडल्यात हरवलेली मोत्यांची कुडी त्यांनी खिरापतीच्या डब्यातून काढून दिली होती, तेव्हापासून त्यांचा दबदबा होता.

त्यांनी केदारचं म्हणणं मध्ये एकदाही न तोडता ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला.

"तो लाल फडका अजून तिथेच आहे का रे?"

"असेल. त्याची बायको सांगत होती, शंतनूनं रागारागानं कशालाच हात लावलेला नाही. मेनसुद्धा परत चालू केला नाही."

"मग चल," काकू बागेतले बूट काढत म्हणाल्या. "ट्रकच्या आधी आपण जाऊ."

३

दार ऋतानं उघडलं. ती शंतनूची बायको, मॉरिसटाउनच्या एका कंपनीत अकाउंट्स बघणारी, एरवी हसतमुख. आज तिचा चेहरा उतरलेला होता. केदारला पाहून ती घुटमळली, पण पुढे काकू होत्या, आणि काकूंना दारातून परत पाठवणारा माणूस न्यू जर्सीत अजून जन्मला नव्हता.

"शंतनू हॉलवर गेलाय, खुर्च्या लावायला," ती म्हणाली. "आज मंडळाचा दसरा आहे ना. येईलच इतक्यात."

"बरं झालं. बाई, तुझ्या पायरीवरच्या झेंडूला काय झालं ग? नुसते दांडे उरलेत."

"हरणांनी खाल्ला. बुधवारी ऑफिसमधून आले तर एक फूल शिल्लक नव्हतं. शेजारची शेवंती तेवढी ठेवलीय मेल्यांनी."

काकूंनी "हं" केलं आणि तळघराच्या जिन्याकडे वळल्या. केदार निमूट मागे गेला.

काकू खोलीत शिरल्या. त्यांनी फरशीचा उतार पायानं चाचपला, धुराड्याखाली उभं राहून वर पाहिलं, खुंट्यांमागच्या आकृत्यांवरून बोट फिरवलं.

"केदार," त्या म्हणाल्या, "मी सगळा जन्म लॅबमध्ये काढला. त्या लॅबचं बजेट ऐकशील तर घेरी येईल. पण इतकी शिस्त तिथेही नव्हती रे. हे पोरानं एकट्यानं केलं?"

"एकट्यानं," केदार म्हणाला.

"मग ही हत्यारं अशी का?"

केदारचं आता लक्ष गेलं. खुंट्या रिकाम्या होत्या. पाने, पकडी, लांब चमचा, थर्मामीटर, सगळं कामाच्या टेबलावर पांढऱ्या पंच्यावर मांडलेलं होतं. लहानापासून मोठ्यापर्यंत, एका ओळीत, पुसून लख्ख. नळ्यांची वेटोळीही त्यांच्या शेजारी नीट ठेवलेली.

"शंतनू असं ठेवत नाही," केदार म्हणाला. "मीही नाही."

काकू बादलीकडे वळल्या. फडका चिमटीत धरून त्यांनी उजेडात पाहिला. "बादलीत काय असतं?"

"भांडी धुवायची पूड. धुण्याच्या सोड्यासारखीच असते. शंतनूला वाटतंय, हे कोकम आहे. मी कोकम घालून बिअर करू या म्हणून कधीपासून भुणभुण लावलीय त्याच्यामागे. माझी आगळाची बाटलीही इथेच आहे, त्या फळीवर."

काकूंनी बाटली उतरवली. कपाटातून कोरा फडका घेतला, त्यावर थेंबभर आगळ टाकलं आणि तो बादलीत बुडवला. दोघं वाकून बघत राहिली. कोकमाचा लालचुटुक डाग बघता बघता काळवंडला, निळसर झाला आणि शेवटी शेवाळ्यासारखा हिरवट दिसू लागला.

"कोकमाला सोडा सोसत नाही," काकू म्हणाल्या. "तू सुटलास."

"मग तो लाल कशानं झाला? रक्तानं?"

"रक्त काय! तुमच्या पिढीनं कुंकू फक्त स्टिकरचं पाहिलंय," असं म्हणून काकू जिना चढू लागल्या.

४

वर ऋतानं चहा टाकला होता. काकूंनी ओट्यापाशी उभ्या उभ्याच तिला विचारलं, "खरं सांग, ही खोली गेली तर तुला बरंच वाटेल ना?"

ऋतानं आलं किसता किसता मान वर केली. "काकू, मला तिथे डान्सची प्रॅक्टिस करायची होती. धान्य उकळलं की घरभर वास सुटतो, माझ्या ऑफिसच्या कपड्यांनाही येतो. भांडले मी त्याच्याशी. पण तो खालून वर येतो ना, तेव्हा त्याचा चेहरा बघा एकदा. तो चेहरा मी ट्रकमध्ये घालून पाठवीन का?"

"खोली कधी बंद पडली ते कुणाला ठाऊक आहे?"

"बुधवारी सकाळी. शंतनूच्या फोनवर 'ऑफलाइन' असं आलं होतं. त्याला वाटलं, वायफाय गेलं. मी ऑफिसात होते आणि अनया शाळेत."

अनया, तिची दहा वर्षांची मुलगी, सोफ्यावर हॅलोवीनच्या भुताला दोरी बांधत बसली होती. तिनं मान न उचलताच सांगून टाकलं, "आय डिडन्ट अनप्लग एनीथिंग, काकू. माय घोस्ट इज सोलर."

"शहाणी ग माझी बाय," काकू म्हणाल्या.

खिडकीपाशी आरामखुर्चीत शंतनूचे वडील बसले होते. उल्हासकाका. हिंगणघाटकडच्या एका कापडगिरणीत मशीनच्या देखभालीचे इंजिनियर म्हणून त्यांनी आयुष्य घालवलं, गिरणी बंद पडली आणि त्यांची नोकरीही. आता सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. मुलगा घरात बिअर करतो हे कळल्या दिवसापासून त्यांनी तळघराला एकच नाव ठेवलं होतं. भट्टी. गिरणीच्या चाळींमधली कितीतरी घरं हातभट्टीनं बसलेली त्यांनी पाहिली होती, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला शंतनूची जीभ रेटत नसे.

काकू त्यांच्या समोर बसल्या. "काका, तुम्ही बुधवारी घरीच होतात. खाली कुणी आलं-गेलं?"

"मला काय माहीत? मी पायरी उतरलो नाही. आल्या दिवशीच सांगितलं होतं, भट्टीत पाय ठेवणार नाही."

"नुसती बघायलासुद्धा नाही?"

"काय बघायचं त्यात? भट्टी ती भट्टी! दळण वेगळ्या कोनाड्यात ठेवलं म्हणून काय देऊळ होते का तिचं?"

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. नागपूरहून धाकटा भाऊ बोलत होता, आवाज खोलीभर ऐकू येत होता. शंतनूच्या नव्या घराचं तळघर एवढं मोठं, तर तिथे काय केलंय, असं तो विचारत होता.

"काही नाही रे," काका म्हणाले. "स्टोअररूम आहे." फोन ठेवला आणि ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

काकूंनी कपातला चहा संपवला आणि केदारला खुणेनं मागच्या अंगणात नेलं. तिथे त्यांनी दार मागे ओढून घेतलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "समजलं बघ कुणी केलं ते."

केदारनं विचारलं, "कुणी?"

"आधी तू सांग. बुधवारी काय होतं?"

"बुधवारी? डेमो होता आमचा."

"हेच," काकू म्हणाल्या. "म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही."

गराजचं दार वर जाण्याचा आवाज आला. शंतनू परतला होता.

५

शंतनूनं केदारला बघितलं आणि त्याचा चेहरा दगडासारखा झाला. "हा इथे काय करून राहिला?"

"मी आणलाय त्याला," काकू म्हणाल्या. "बस. ऋता, तूही बस. मला एक साधी गोष्ट विचारायचीय. परवाच्या बुधवारी काय होतं?"

"गार्बेज पिकअप," शंतनू रागानं म्हणाला.

"अनयाचा पियानोचा क्लास," ऋता म्हणाली.

काकू हसल्या. "आपण इथे सण शनिवारी करतो. हॉल मिळतो तेव्हा गणपती बसतात, आणि हॉल मिळतो तेव्हाच दसरा येतो. त्याला इलाज नाही. पण त्यामुळे काय झालंय, खरी तिथी कधी येते नि जाते याचा आपल्याला पत्ताच नसतो. बुधवारी खंडेनवमी होती."

काकूंनी उल्हासकाकांकडे पाहिलंही नाही. त्या केदारकडे बघूनच सांगत राहिल्या.

"फडका कोकमानं लाल झालेला नाही, हे याच्यासमोर करून दाखवलं. सोड्यात लाल होते ती हळद. कुंकू करतात ते तसंच, हळदीला क्षार लावून. म्हणजे कुणीतरी हळद पुसली आणि फडका घाईनं हातासरशी दिसलेल्या बादलीत टाकला. आता बिअरच्या खोलीत हळद कशाला आली? पायरीवरचा झेंडू गेला बुधवारी. हरणं माझी शेवंती खातात, गुलाब खातात, चवळीसुद्धा ठेवत नाहीत. झेंडूला मात्र तोंड लावत नाहीत, त्यांना तो वास नको असतो. इथे झेंडू गेला आणि शेवंती राहिली. म्हणजे फुलं खुडणाऱ्याला दोन हात होते."

ऋतानं तोंडावर हात ठेवला.

"हत्यारं पंच्यावर ओळीनं मांडलेली आहेत, पुसून. ज्याला खोलीचा सत्यानाश करायचा असतो तो पाने पुसत बसत नाही. आणि मेन बंद का केला? खंडेनवमीला पूजा झाल्यावर हत्यार चालवत नाहीत. त्या दिवशी यंत्राला विसावा देतात आणि दसऱ्याला पुन्हा सुरू करतात. ज्यानं केलं तो दसऱ्याच्या सकाळी मेन चालू करणारच होता. पण शंतनू लवकर आला, आणि त्याला टिळे पुसून, फुलं गोळा करून मागच्या दारानं निघावं लागलं. मेन राहून गेला."

"पण कोण, काकू?" शंतनूचा आवाज चढला. "कुणी केलं?"

"ते मी सांगणार नाही," काकू म्हणाल्या. "त्याच्या मनात वाईट नव्हतं. फक्त त्याला एक गोष्ट माहीत नाही. तुझी बिअर बिघडली एवढंच त्यानं ऐकलंय. आळ केदारवर आलाय, दोन मित्रांचं बोलणं बंद झालंय आणि उद्या ट्रक येणार आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही."

काकूंनी हे म्हटलं आणि आरामखुर्ची करकरली.

उल्हासकाका उठले होते. एरवी ताठ असणारा तो माणूस खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

"ट्रक?" ते म्हणाले. "कशाचा ट्रक बे?"

"बाबा, मी विकून राहिलो सगळं," शंतनू म्हणाला.

"आणि या पोरावर आळ घेतलास?" काका केदारकडे वळले. "चोर सोडून संन्याशाला फाशी. केदार, माफ कर बेटा. मी बंद केलं ते."

६

शंतनू खुर्चीतून उठला. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही खाली गेलात?"

"गेलो. आल्यापासून जातोच आहे," काका म्हणाले. "तुम्ही ऑफिसात गेले की."

केदारला आता कोनाडा आठवला. जो माणूस खाली उतरलाच नाही, त्याला दळण वेगळ्या कोनाड्यात आहे हे कसं कळलं? काकूंनी ते तेव्हाच पकडलं होतं आणि चहाचा घोट घेत गप्प बसल्या होत्या. केदारला त्यांच्याबद्दल इतका आदर वाटला की वाकून नमस्कारच करावा.

"पहिल्या दिवशी भांडायला म्हणून उतरलो," काका सांगत होते. "म्हटलं, बघू तर खरं काय घाण करून ठेवली. आणि दार उघडलं. शंतनू, आमच्या गिरणीत मेंटेनन्सची खोली होती. मी तिथे पोरांना ओरडून ओरडून थकलो, पान्याची जागा पान्याला, पकडीची जागा पकडीला. कुणी ऐकलं नाही. तुला तर मी कधी शिकवलंही नाही. आणि तू भिंतीवर आकृत्या काढून ठेवल्या." त्यांचा आवाज फुटला. "दारू मला आवडत नाही. आजही नाही. एक थेंब घेणार नाही मी. पण ती खोली बघून माझी छाती भरून आली, आणि ते तुला सांगायचं कसं? भट्टी म्हणून बसलो होतो ना."

"मग पूजा केलीत?" ऋतानं हळूच विचारलं.

"गिरणी बंद पडली त्या वर्षीची खंडेनवमी मला आठवते. मशिनी बंदच होत्या, तरी आम्ही टिळे लावले. त्यानंतर हात लावायला यंत्रच मिळालं नाही. बुधवारी मिळालं." त्यांनी मान खाली घातली. "सकाळी गाडीचा आवाज आला आणि मी चोरासारखा पळालो. मग तू खालून ओरडत वर आला, सगळं सडलं म्हणून. माझी बोलायची हिंमतच झाली नाही."

शंतनू वडिलांच्या अगदी जवळ गेला, पण बाप-लेक दोघंही मिठी मारणाऱ्यांपैकी नव्हते. त्यानं फक्त त्यांच्या सदऱ्याची बाही धरली, लहान मुलं धरतात तशी, आणि धरूनच ठेवली. मग तो केदारकडे वळला.

"यार," एवढंच तो म्हणाला.

"असू दे," केदार म्हणाला. "आधी खाली चल. एक विचारू? तू ती लागर चाखून पाहिलीस?"

"तापलेली लागर काय चाखायची?"

"म्हणजे नाही चाखलीस!" काकू उठल्याच. "अरे वेड्या, निकाल आधी आणि तपासणी नंतर?"

सगळे खाली उतरले. उल्हासकाका जिन्यावर शंतनूच्या पुढे होते, आणि अंधारात जिन्याच्या दिव्याचं बटण कुठे आहे ते त्यांनी न चाचपडता दाबलं. शंतनूनं पिंपाच्या तोटीतून दोन बोटं लागर ग्लासात घेतली. सोन्यासारखा रंग होता. त्यानं वास घेतला, आणि पुन्हा घेतला. एक घोट घेतला. मग ग्लास केदारच्या हातात दिला.

केदारनं डोळे मिटून घोट घेतला. भाजलेल्या धान्याची चव होती, मागून हॉप्सच्या फुलांचा हलका कडवटपणा होता. लोणी कुठेच नव्हतं. नावालाही नव्हतं.

"रेस्ट," केदार म्हणाला. त्याला हसू आवरेना. "बुधवारपासून उबेत आहे ती. तीन दिवस! जे मी सांगून सांगून दमलो ते काकांनी हळद-कुंकू लावून केलं."

"काय केलं मी?" काका गोंधळून बघत होते.

"बाबा, बिअरला मध्येच दोन-तीन दिवस विसावा द्यायचा असतो," शंतनू म्हणाला. तो हसत होता आणि डोळे पुसत होता. "केदार म्हणत होता, मी ऐकलं नाही. तुम्ही दिलात."

"म्हणजे बिघडली नाही?"

"सुधारली, काका," काकू म्हणाल्या. "खंडेनवमी फळली."

शंतनूनं तिथेच उभ्या उभ्या पेनसिल्व्हेनियाच्या माणसाला फोन लावला, दहादा सॉरी म्हटलं आणि ट्रक कॅन्सल केला. मग तो पॅनेलपाशी गेला, पण मेनला हात लावला नाही. बाजूला सरकला.

"बाबा, दसरा आजच धरू. तुम्हीच सुरू करा."

काकांनी आधी हात धुतले. खिशातून रुमाल काढला, त्यात झेंडूचं एक सुकलेलं फूल होतं, ते पॅनेलवर ठेवलं. मग मेन वर केला. पॅनेलवरचे दिवे लागले, पंप हुंकारला आणि जुना फ्रिज घरघरू लागला. काका डोकं कलतं करून तो आवाज ऐकत राहिले. केदारनं मशीनकडे इतक्या मायेनं कान देणारा माणूस कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात त्यांचा फोन पुन्हा वाजला. नागपुरात झोपायची वेळ झाली होती, आणि धाकट्या भावाला काहीतरी सांगायचं राहून गेलं होतं. मागचा आवाज ऐकून तो म्हणाला, "दादा, हे काय चालू आहे तिथे? आहेस कुठे तू?"

काकांनी एकदा भिंतीवरच्या आकृत्यांकडे पाहिलं, एकदा मुलाकडे.

"मी?" ते म्हणाले. "मी शंतनूच्या कारखान्यात आहे."